संहारमंत्राची घडण

भूमिका-खेळातला, म्हणजे रोल-प्लेइंग गेममधला, संहारमंत्र ही कागदावर पाच-सहा ओळींत मावणारी गोष्ट आहे. मंत्र कोणाला येतो, तो किती अंतरावर जातो, किती जागा व्यापतो, किती फासे टाकायचे आणि समोरच्याला वाचण्याची संधी कोणती, एवढे लिहिले की मंत्र खेळायला तयार होतो. यांतली संहाराची ओळ लिहायला सर्वांत सोपी असते. फाशांचा आकडा कोणालाही वाढवता येतो. मंत्र चांगला की वाईट हे उरलेल्या ओळी ठरवतात, आणि त्या उरलेल्या ओळींचा सर्वांत समृद्ध साठा मराठी वाचकाच्या घरातच आहे, महाभारतातल्या अस्त्रांच्या कथांत. नव्या खेळांसाठी मंत्र रचणाऱ्यांनी तिकडे पुरेसे पाहिलेले नाही.

या खेळप्रकाराची रीत थोडक्यात अशी. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकाकडे एक पात्र असते. एक जण सूत्रधार होतो, त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. तो प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे पडतात. पात्राचा जीव ‘हिट पॉइंट’ या आकड्यात मोजला जातो. शून्य झाले की पात्र कोसळते.

या प्रकारातला पहिला छापील खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तो गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचला आणि १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहान गावातून प्रसिद्ध झाला. त्यातला ‘फायरबॉल’, म्हणजे अग्निगोल, हा या खेळांतला सर्वांत प्रसिद्ध संहारमंत्र. त्याचा जन्म मात्र याच्याही आधीचा आहे. १९७१ मध्ये गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ नावाचा मध्ययुगीन युद्धखेळ काढला होता. टेबलावर छोटे शिशाचे सैनिक मांडून तो खेळला जाई. त्याच्या शेवटी कल्पित प्राण्यांची आणि जादूगारांची पुरवणी होती. तिथे जादूगाराच्या अग्निगोलाला मोठ्या गोफणयंत्राच्या दगडाइतका टापू दिला होता आणि विजेच्या लोळाला तोफेचा. म्हणजे हा मंत्र मुळात तोफखान्याचा नियम होता, त्याला जादूगाराचा झगा चढवला गेला. सैनिकांच्या रांगा भाजून काढण्यासाठी बनवलेले हत्यार पुढे तळघरातल्या चिंचोळ्या खोल्यांत वापरले जाऊ लागले. त्याच्या सगळ्या गमती आणि सगळ्या अडचणी इथून सुरू होतात.

खोली चिंचोळी असली की काय होते, हे १९७८ च्या नियमपुस्तकात बारकाईने लिहिलेले आहे. अग्निगोल बंद जागेत फुटला तर तो गोल राहत नाही, मिळेल त्या वाटेने पसरतो आणि सुमारे ३३,००० घनफूट जागा भरतो. हा आकडा कळण्यासाठी मुंबईतल्या चेंबूरच्या जुन्या कॉलनीतले घर घ्यावे: ३०० चौरस फूट क्षेत्रफळ, १० फूट उंच छत. अशा घराचे घनफळ ३,००० घनफूट. म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या एका घरात टाकलेला अग्निगोल अशी अकरा घरे भरतो. दारे उघडी असतील तर तो आधी कॉमन पॅसेजमध्ये येतो, मग शेजारच्या घरांत, मग जिन्याने वर-खाली. टाकणारा त्याच पॅसेजच्या टोकाला उभा असेल तर तोही सुटत नाही. त्या काळच्या खेळाडूंना मंत्र टाकण्याआधी मनातल्या मनात खोल्यांचे घनफळ काढावे लागे. विजेच्या लोळाचेही तसेच होते. तो भिंतीवर आपटून उलटा फिरे.

पुढच्या आवृत्त्यांनी हा हिशेब सोडून दिला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत अग्निगोल १५० फुटांपर्यंत जातो आणि २० फूट त्रिज्येचा गोल व्यापतो, जागा बंद असो की मोकळी. त्याच आवृत्तीतला विजेचा लोळ १०० फूट लांब आणि ५ फूट रुंद आहे. हार्बर लाइनच्या लोकलचा डबा सुमारे २० मीटर, म्हणजे ६५ फूट लांब असतो. तेव्हा हा लोळ एक पूर्ण डबा आणि दुसऱ्याचा निम्मा भाग सरळ रेषेत कापून जातो. हिशेब सोपा झाला, खेळ वेगवान झाला, पण स्वतःच्याच आगीत सापडण्याची भीती कमी झाली. हे नुकसान लहान नाही.

आता फासे. पाचव्या आवृत्तीत अग्निगोलासाठी सहा बाजूंचे आठ फासे टाकतात. कमीत कमी ८, जास्तीत जास्त ४८, सरासरी २८. गोलात सापडलेला प्रत्येक जण वीस बाजूंचा फासा, खेळाडूंच्या भाषेत ‘डी-ट्वेंटी’, टाकून चपळाईने बाजूला होण्याचा प्रयत्न करतो. जमले तर मार निम्मा बसतो. त्याच आवृत्तीच्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकात नवे मंत्र रचणाऱ्यांना एक कोष्टक दिले आहे. त्यानुसार तिसऱ्या पायरीच्या, अनेकांवर चालणाऱ्या मंत्राला सहा फासे पुरेत. अग्निगोल त्याच पायरीचा, पण त्याला आठ आहेत, म्हणजे नियमकर्त्यांनी आपल्याच मापापेक्षा या लाडक्या मंत्राला झुकते माप दिले.

या पुस्तकांत सामान्य गावकऱ्याचेही आकडे दिलेले असतात. त्याचे हिट पॉइंट चार. अग्निगोलाचे आठही फासे एकवर पडले, म्हणजे मंत्र होईल तितका दुबळा निघाला, आणि गावकऱ्याने चपळाई दाखवून मार निम्म्यावर आणला, तरी त्याला चारचा फटका बसतो. तो कोसळतोच. वाचण्याची संधी नियमात लिहिली आहे, पण गावकऱ्यासाठी तिला काही अर्थ नाही. बाजारपेठेत टाकलेला अग्निगोल त्या २० फुटांतला एकही साधा माणूस उभा ठेवत नाही, आणि टाकणाऱ्याला नियमांप्रमाणे त्याची काहीही किंमत मोजावी लागत नाही. दोन पावले पुढे गेलेला शत्रू आणि भाजीची पिशवी घेऊन उभा असलेला माणूस यांत मंत्र फरक करत नाही.

नेमका हाच आक्षेप महाभारतात घेतलेला आहे. द्रोणपर्वात द्रोणाचार्य शस्त्रास्त्रांच्या जाणकारांबरोबर अस्त्रविद्या न जाणणाऱ्या साध्या सैनिकांवरही ब्रह्मास्त्र चालवतात. तेव्हा ऋषी रणांगणावर येतात आणि ज्यांना अस्त्रे ठाऊक नाहीत त्यांना तू अस्त्राने जाळलेस, हे अधर्माचे झाले, असे त्यांना बजावतात. शत्रूला मारल्याची ही तक्रार नव्हती. अस्त्रविद्येच्या पायरीवर नसलेल्या माणसावर त्या पायरीचे हत्यार चालवल्याची होती.

महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतली आणि १९६६ मध्ये तिचे पर्वांचे काम पुरे झाले. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ पासून त्या कामाला शिस्त लावली. तिच्यातले सौप्तिकपर्व हरि दामोदर वेलणकर यांनी संपादले. दूरदर्शनवरच्या मालिकेमुळे अस्त्र म्हटले की आकाशात एकमेकांवर आदळणारे दोन चमकते बाण डोळ्यांसमोर येतात. मूळ संहितेतले अस्त्र वेगळे आहे. ते बाणात नसते, मंत्रात असते. बाण, गवताची काडी, नुसती नजरही त्याला पुरते. शिवाने अर्जुनाला पाशुपत दिले तेव्हा ते मनाने, दृष्टीने, वाणीने आणि धनुष्याने सोडता येते असे सांगितले, आणि अल्पबळ माणसावर टाकलेस तर जग जळेल, अशी ताकीदही दिली.

या कथांतले निर्बंध एकाच साच्याचे नाहीत, हे खेळ रचणाऱ्याने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. कर्णाकडची इंद्राची शक्ती एकदाच चालते. ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवली होती, घटोत्कचावर खर्च करावी लागली. परशुरामाकडून खोटे बोलून मिळवलेले ब्रह्मास्त्र ऐन गरजेच्या वेळी आठवणार नाही, असा त्याला शाप होता. अमेरिकन खेळातले जादूगारही मंत्र टाकला की विसरत. ती कल्पना जॅक व्हॅन्स या लेखकाच्या १९५० च्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातून आली. पण व्हॅन्सचे विसरणे हे दारूगोळा संपण्यासारखे आहे, कर्णाचे विसरणे त्याच्या आयुष्यातल्या एका खोटेपणाचे देणे आहे.

नारायणास्त्राची तऱ्हा आणखी वेगळी. पित्याच्या वधानंतर अश्वत्थामा ते सोडतो. जो प्रतिकार करील त्याच्यावर ते वाढत जाते. कृष्ण सगळ्यांना शस्त्रे खाली ठेवून रथांतून उतरायला सांगतो. भीम ऐकत नाही, तेव्हा कृष्ण आणि अर्जुन त्याला ओढून खाली उतरवतात. अस्त्र शांत झाल्यावर दुर्योधन म्हणतो, पुन्हा टाक. अश्वत्थामा सांगतो, ते दुसऱ्यांदा बोलावले तर बोलावणाऱ्यावरच उलटते. हा प्रसंग टेबलावर मांडला तर खेळाडूंना काहीही न करण्याचा निर्णय घ्यावा लागेल. लढाईच्या खेळात याहून अवघड निर्णय नाही.

वनपर्वातला एक प्रसंग फारसा सांगितला जात नाही. स्वर्गातून परतलेला अर्जुन भावांच्या आग्रहावरून दिव्यास्त्रे करून दाखवायला उभा राहतो. नुसत्या तयारीनेच धरणी हादरते, नद्या आणि समुद्र खवळतात. नारद येऊन थांबवतात: लक्ष्य नसताना अस्त्र काढू नये, आणि लक्ष्य असले तरी संकट नसताना काढू नये. नवा मंत्र मिळाला की प्रत्येक खेळाडूला तो कुठेतरी टाकून पाहायचा असतो. तो मोह महाभारतकाराला पुरता ठाऊक होता.

सगळ्यांत पूर्ण मंत्र सौप्तिकपर्वात आहे. पाठलाग झालेला अश्वत्थामा गवताची काडी उचलतो आणि पांडव उरू नयेत असा संकल्प करून ब्रह्मशिर अस्त्र सोडतो. अर्जुन तेच अस्त्र सोडतो, पण आधी गुरुपुत्राचे, मग स्वतःचे आणि भावांचे कल्याण चिंतून, अस्त्राने अस्त्र शमावे एवढ्याच हेतूने. नारद आणि व्यास दोन्ही आगींच्या मध्ये उभे राहतात. अर्जुन व्रतस्थ असल्यामुळे आपले अस्त्र परत घेऊ शकतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही. व्रत न पाळलेल्याने ते परत घ्यायचा प्रयत्न केला तर ते त्याचेच आणि त्याच्या माणसांचे मस्तक तोडते. मग तो ते पांडवस्त्रियांच्या गर्भांकडे वळवतो. आणि व्यास आणखी एक नियम सांगतात: जिथे ब्रह्मशिर दुसऱ्या अस्त्राने अडवले जाते तिथे बारा वर्षे पाऊस पडत नाही. पात्रता, संकल्प, उतारा, परत घेणे, वळवणे आणि जमिनीवर मागे राहणारा परिणाम, असे सहा नियम एकाच प्रसंगात येतात. याच्या शेजारी अग्निगोलाचा नियम ठेवला तर त्यात अंतर, त्रिज्या आणि फासे यांपलीकडे फार काही सापडत नाही.

ब्रह्मास्त्र म्हणजे प्राचीन अणुबाँब, हे विधान हौसेने केले जाते. चेंबूरला लागूनच अणुशक्तीनगर आहे. पलीकडे तुर्भ्याच्या किनाऱ्यावर ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. त्यामुळे या परिसरातल्या खेळाडूंना ही तुलना पटकन सुचेल. ती चुकीची आहे. संहितेत युरेनियमही नाही आणि यंत्रही नाही. शिवाय बाँबला टाकणाऱ्याचे चारित्र्य कळत नाही. अस्त्राचे सगळे यंत्रशास्त्र त्या चारित्र्यावर चालते. अस्त्राचा बाँब करून टाकला की खेळासाठी मोलाचा भाग हातातून जातो आणि फाशांचा मोठा आकडा तेवढा उरतो.

महाराष्ट्राच्या लोकसमजुतीतही संहारमंत्र आहे. मूठ मारणे, करणी करणे ही त्याची नावे. तांत्रिक ग्रंथांत शांती, वश्य, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण अशी षट्कर्मे सांगितली आहेत. खेळाच्या पुस्तकांतही मोहिनी घालणारे, जागीच थिजवणारे, हाकलून देणारे आणि जीव घेणारे मंत्र वेगवेगळ्या वर्गांत असतात, त्यामुळे ही यादी खेळात उतरवण्याचा मोह होतो. इथे सावधपणा हवा. करणीच्या संशयावरून माणसांना मारहाण झाली आहे, गाव सोडावे लागले आहे, जीवही गेले आहेत. अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. ज्या समजुतीविरुद्ध एवढी किंमत मोजावी लागली, ती करमणुकीच्या नावाखाली पुन्हा खरी वाटेल असे काही टेबलावर येऊ नये. खेळातला मंत्र कल्पित पात्राने कल्पित पात्रावर टाकायचा. त्यात प्रत्यक्ष पूजाविधीतले शब्द नकोत, लिंबू-बाहुलीची नक्कल नको, आणि लक्ष्य म्हणून ओळखीतल्या माणसाचे नाव तर मुळीच नको.

आता प्रत्यक्ष घडण. सौप्तिकपर्वातल्या नियमांवरून पाचव्या आवृत्तीच्या चौकटीत एक मंत्र रचता येतो. त्याचे नाव ‘ऐषीक’ ठेवू. नकाशासाठी चेंबूर-तुर्भे परिसर सोयीचा आहे: सुमारे ३०० मीटर उंचीची तुर्भ्याची टेकडी, तिच्या पायथ्याशी माहुलची खाडी आणि तेलशुद्धीकरण कारखाने, अलीकडे दाट वस्ती. आग कुठे टाकली यावर इथे सगळेच अवलंबून राहते. अंगावर किंवा हातात नसलेल्या ज्वलनशील वस्तू अग्निगोलाने पेट घेतात, हा नियम सूत्रधार एरवी विसरला तरी चालते. माहुलच्या टाक्यांजवळ तो विसरून चालणार नाही.

‘ऐषीक’ नवव्या, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीचा मंत्र. तो पोथीत सापडत नाही, विकत मिळत नाही. गुरूने दिला तरच येतो, आणि देताना गुरू एक व्रत घालतो. व्रत काय, ते खेळाडू आणि सूत्रधार मिळून ठरवतात, पात्राच्या कागदावर लिहितात. मंत्राला गवताची एक ताजी काडी लागते. काडी हातात घेऊन खेळाडूने एका वाक्यात संकल्प मोठ्याने म्हणायचा. वाक्यात जे येईल तेच लक्ष्य. ‘टेकडीवरचे सगळे’ असे म्हटले तर टेकडीवरचा मित्रही त्यात आला. मंत्र एका मैलापर्यंत पोहोचतो. मार सहा बाजूंच्या वीस फाशांचा, सरासरी ७०. नवव्या पायरीच्या ‘मीटिअर स्वॉर्म’ या उल्कावर्षावात चाळीस फासे आहेत, सरासरी १४०. ‘ऐषीक’ त्याच्या निम्माच ठेवला आहे, कारण त्याची दहशत फाशांत असण्याची गरज नाही.

मार लगेच बसत नाही. आग उठते आणि पूर्ण एक फेरी, म्हणजे प्रत्येकाची एकदा पाळी होईपर्यंत, हवेत राहते. तेवढ्या वेळात तीन गोष्टी होऊ शकतात. समोर हाच मंत्र येणारा कोणी असेल तर तो आपली काडी उचलू शकतो. मग दोन्ही आगी एकमेकींना धरून राहतात, जास्तीत जास्त तीन फेऱ्या. दुसरे, टाकणारा मंत्र परत घेऊ शकतो. त्यासाठी डी-ट्वेंटीवर एकूण २० हवेत. ज्याने व्रत पाळले आहे त्याला १० गुण जास्त मिळतात. म्हणजे त्याला वीसपैकी अकरा वेळा जमते, व्रत मोडलेल्याला वीसपैकी एकदाच. परत घेणे फसले तर पूर्ण मार टाकणाऱ्यावर आणि ३० फुटांतल्या त्याच्या साथीदारांवर बसतो. तिसरे, टाकणारा लक्ष्य बदलू शकतो, पण कोणाचे तरी नाव घ्यावेच लागते. ‘कोणीच नाही’ हे उत्तर चालत नाही.

या मंत्राने एकही निःशस्त्र माणूस मेला, तर टाकणाऱ्याच्या स्मरणातून तो कायमचा जातो. द्रोणाला लागलेला बोल आणि कर्णाचा शाप इथे एकत्र केले आहेत. गावकऱ्याच्या चार हिट पॉइंटना अशा रीतीने पहिल्यांदा वजन येते. नारायणास्त्राचा ‘एकदाच’ हा निर्बंध मात्र यात घेऊ नये. परत घेण्याची जोखीम आणि एकदाच वापरण्याची अट एकत्र आल्या की खेळाडू मंत्र जपून ठेवतो, आणि मोहीम संपली तरी तो वापरलेलाच नसतो.

चाचणी घेताना आकड्यांपेक्षा मधल्या फेरीकडे लक्ष द्यावे. आग हवेत असताना टेबलावर बोलणे सुरू झाले, कोणी परत घे म्हणाले, कोणी नको म्हणाले, तर मंत्र बरोबर बसला. सगळे नुसते फासे मोजत राहिले तर मधली फेरी दोन फेऱ्यांची करावी. परत घेण्यासाठीचा २० हा आकडाही गटाप्रमाणे बदलता येईल. १८ केला तर व्रतस्थाला वीसपैकी तेरा वेळा जमेल आणि व्रत मोडलेल्याला तीन वेळा. त्याखाली जाऊ नये, व्रताचा भार हलका होतो. गर्भांकडे अस्त्र वळवण्याचा मूळ प्रसंग मात्र खेळात आणायचा का, हे मोहीम सुरू होण्याआधी सगळ्यांना विचारून ठरवावे. एकाचीही इच्छा नसेल तर तो वगळावा. टेबलाशी बसलेल्या कोणाच्या घरी काय घडून गेले आहे हे इतरांना माहीत असतेच असे नाही.

संगणकावरच्या खेळांत मंत्र टाकायला एक बटण पुरते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेल्या ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ या खेळात त्रिशूळ आणि धनुष्य यांच्याबरोबर अग्नी आणि वीज यांच्या शक्ती मिळतात. तो हाणामारीचा साहसी खेळ आहे, त्यामुळे तिथे वेगाला महत्त्व असणे रास्तच. १९९७ च्या ‘फायनल फँटसी सेव्हन’ या जपानी खेळात ग्रहावर आदळणारा ‘मीटिअर’ हा मंत्र आणि त्याला अडवणारा ‘होली’ हा मंत्र यांच्यावर कथेचा मोठा भाग उभा आहे. ते ब्रह्मशिराच्या जोडीच्या बरेच जवळ जाते. पण तिथले निर्णय कथाकाराने आधीच घेतलेले असतात. ‘ऐषीक’ संगणकावर आणायचा झाला तर टाकण्याच्या बटणाइतकेच ठळक परत घेण्याचे बटण पडद्यावर द्यावे लागेल आणि मधल्या फेरीसाठी घड्याळ लावावे लागेल.

शेवटचा नियम पावसाचा. दोन आगी एकमेकींना भिडल्या त्या जागेभोवती सूत्रधाराने नकाशावर एक मैल त्रिज्येचे वर्तुळ काढून त्यावर तारीख घालायची. त्या वर्तुळात खेळातली बारा वर्षे पाऊस नाही. तुर्भ्याच्या टेकडीवर काढलेले असे वर्तुळ उतारावरच्या झऱ्यांसकट पायथ्याच्या वस्तीपर्यंत जाते. पुढच्या मोहिमेत तिथल्या विहिरींत पाणी किती, कोण गाव सोडून गेले, टँकर कोणाच्या ताब्यात आहेत, हे सूत्रधाराने ठरवून ठेवावे, आणि वर्तुळाच्या कडेला मंत्र टाकणाऱ्या दोघांची नावे लिहावीत, म्हणजे नवी पात्रे त्या गावात पोहोचली की लोक कोणाची नावे घेतात ते त्याला शोधत बसावे लागणार नाही.